इयत्ता विचारू नका, वाचन ऐका: मुलासाठी पुस्तक निवडण्याची रीत

मे महिन्यात नागपुरात बर्डीवरच्या पुस्तकांच्या दुकानात पाच मिनिटं उभं राहिलं तरी हे वाक्य कानावर पडतं : ‘चौथीतल्या मुलासाठी काही चांगलं द्या.’ दुकानदार तरी काय करणार? चौथीचं म्हणून जे असतं ते काढून देतो. शाळा उघडेपर्यंत ते पुस्तक टीपॉयवर पडून राहतं आणि ‘आमच्याला वाचनाची आवडच नाही’ असा शेरा मुलाच्या नावावर लागतो. एकाच वर्गातल्या दोन मुलांच्या वाचनात दोन-तीन इयत्तांचं अंतर सहज असू शकतं, हे वर्गशिक्षकांना ठाऊक असतं. पालकांना मात्र कुणी सांगत नाही.

खालची रीत पहिली ते सहावीच्या मुलांसाठी आहे. क्रम बदलू नका. बहुतेक पालक थेट पाचव्या टप्प्यावर, म्हणजे दुकानात, सुरुवात करतात. सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

तयारी

मुलाने आधी न वाचलेला मजकूर हवा. त्याचं चालू वर्षाचं पाठ्यपुस्तक यासाठी बाद समजा. त्यातले धडे ऐकून ऐकून पाठ झालेले असतात आणि मूल पानाकडे न बघताही धडाधड म्हणून दाखवतं. बालभारतीची पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. मूल चौथीत असेल तर दुसरी, तिसरी आणि पाचवीच्या मराठीच्या पुस्तकातलं एकेक गोष्टीचं पान निवडा. चौथीचा धडा घ्यायचाच तर वर्गात अजून न शिकवलेला घ्या. कविता नको. यमकामुळे पुढचा शब्द आपोआप कळतो. पानांच्या झेरॉक्स काढून आणा. मोबाइलवर बोटाने मोठं-लहान करत वाचायला लावलं तर चाचणी वाचनाची राहत नाही.

> सावधान : मराठी माध्यमाचं ‘बालभारती’ आणि इंग्रजी-हिंदी माध्यमाच्या मुलांसाठीचं ‘सुलभभारती’ एकाच पातळीचं नसतं. पीडीएफ उतरवताना मुखपृष्ठ नीट बघा. मूल इंग्रजी माध्यमात असेल तर त्याच्या इयत्तेपेक्षा दोन पायऱ्या खालून सुरुवात करा. अपमान वाटून घेण्याचं कारण नाही. त्याला मराठी वाचायला आठवड्यातून काही तासच मिळतात.

एक पेन्सिल, एक कोरा कागद आणि मोबाइलवरचं रेकॉर्डिंग, एवढं पुरे. वेळ सकाळची ठेवा. शाळा, शिकवणी आणि मैदान उरकून आलेल्या मुलाची चाचणी घेतली तर फक्त थकवा मोजला जातो. उन्हाळ्यात ज्या खोलीत कूलर चालू असेल तिथे बसू नका, त्या घरघरीत शब्दांची शेवटची अक्षरं ऐकू येत नाहीत आणि आपल्याला नेमकी तीच ऐकायची आहेत. मोठी ताई, आजोबा, कुणीही ‘अरे असं नाही, असं’ म्हणणारं माणूस जवळपास नसावं.

मुलाला ‘परीक्षा’ म्हणू नका. ‘तुझ्यासाठी कोणती पुस्तकं आणायची ते ठरवायचंय, थोडी मदत कर’ एवढंच म्हणा. ते खरंही आहे.

टप्पा १ : कानाची आणि डोळ्यांची पातळी वेगळी काढा

मुलाला ऐकून जे समजतं आणि स्वतः वाचून जे समजतं, त्यात मोठा फरक असतो. म्हणून आधी तुम्ही वाचा. वरच्या इयत्तेच्या गोष्टीतलं एक पान नेहमीच्या वेगात मोठ्याने वाचून दाखवा, कागद बाजूला ठेवा आणि म्हणा, ‘आता ही गोष्ट तू मला सांग.’

मुलाने क्रमाने, स्वतःच्या शब्दांत सांगितली तर त्याचा कान त्या पातळीचा आहे. अडखळला तर एक इयत्ता खाली उतरा. कुठल्या इयत्तेला गोष्ट धड सांगता आली ते कागदावर लिहून ठेवा.

नागपुरात हा टप्पा टाळून चालत नाही. सोसायटीच्या खाली हिंदी, शाळेत इंग्रजी, आजीशी मराठी आणि तीही घरची बोली, अशी आपल्या मुलांची दिवसभराची भाषा असते. ‘काय करून राहिला’ ऐकत वाढलेल्या मुलाला छापील ‘काय करतो आहेस’ परकं वाटतं. त्याचा बुद्धीशी संबंध नाही. कानच तिसरीच्या गोष्टीला दमत असेल तर डोळ्यांनी पाचवीचं पुस्तक कसं झेपणार? अशा मुलाला आधी भरपूर वाचून दाखवावं लागतं.

टप्पा २ : लिपीत कुठे अडतं ते शोधा

कोऱ्या कागदावर ठळक, सुट्या अक्षरात खालचे शब्द लिहा. एकेक ओळ वाचायला द्या.

१. घर, कमळ, बदक, शहर, गवत
२. बाजार, विहीर, मुलगी, चिमणी, सुतार
३. केळी, मैदान, चौकट, पतंग, आंबा
४. रस्ता, पुस्तक, गोष्ट, दप्तर, म्हातारी
५. सूर्य, चंद्र, संत्री, राष्ट्र, कोपऱ्यात

पाचपैकी चार शब्द बरोबर आले की ओळ जमली असं धरा. मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीतही शब्दवाचनाला पाचात चार हाच निकष असतो. जिथे चार येत नाहीत, तिथे मुलाची लिपीची पायरी थांबलेली आहे.

तिसऱ्या ओळीपर्यंत ठीक आणि चौथ्या ओळीला अडखळणं, हे चित्र सर्रास दिसतं. अशा मुलाला जोडाक्षरविरहित गोष्टींची पुस्तकं द्या. मराठीत ती खास निघतात, दुकानात ‘बिनजोडाक्षरांची’ म्हणून मागा. पाचव्या ओळीला अडणाऱ्या मुलासाठी पुस्तक बदलायची गरज नाही. रफार आणि ऱ्या-ऱ्हाचे शब्द आठवडाभर पाटीवर घोटून घेतले की पुरतं. हिंदी आधी शिकलेली मुलं बहुधा ‘ळ’ आणि ‘ऱ्या’लाच थबकतात, बाकी देवनागरी त्यांना येत असते.

> तपासा : मूल पहिल्या दोन ओळींतच अडत असेल तर पुढचा टप्पा घेऊ नका. सध्या त्याला चित्रांची आणि पानावर एक-दोन ओळींची पुस्तकंच हवीत, मग इयत्ता कोणतीही असो.

टप्पा ३ : शंभर शब्द वाचून घ्या

झेरॉक्सवर गोष्टीच्या सुरुवातीपासून शंभर शब्द मोजा आणि शंभराव्या शब्दानंतर बारीक रेघ मारा. एक प्रत मुलाकडे, एक तुमच्याकडे. रेकॉर्डिंग सुरू करा आणि गप्प बसा. हे गप्प बसणंच बहुतेकांना जमत नाही. मूल अडलं की पाच सेकंद थांबा, तरी नाही आलं तर शब्द सांगा, त्यावर खूण करा आणि पुढे जाऊ द्या.

खुणा कशा करायच्या ते एका वाक्यावर पाहू. पानावर आहे :

‘आजीने कोपऱ्यातल्या पेटीतून जुनी पितळी घंटा काढली.’

मुलाने वाचलं :

‘आजीने कोप... कोपऱ्यात पेटीतून जुनी पितळी घंटी काढली.’

सात शब्दांत दोन चुका. ‘कोपऱ्यातल्या’चं ‘कोपऱ्यात’ झालं आणि ‘घंटा’ची ‘घंटी’. ‘कोप...’ म्हणून थांबणं ही चूक नव्हे. दोन्ही चुकांची जात मात्र लक्षात घ्या. मूल शब्दाची सुरुवात बघतं आणि शेवट अंदाजाने भरतं. मराठीत शब्दाच्या शेवटाला फार महत्त्व आहे. ‘घराला’, ‘घरातून’, ‘घरासमोरच्या’ यांत सगळा फरक शेपटीत असतो. शेपट्या खाणाऱ्या मुलाला वाक्यं कळत नाहीत आणि तरी त्याचं वाचन ऐकायला छान वाटतं.

चूक धरायची : वगळलेला शब्द, बदललेला शब्द, चुकलेला प्रत्यय, तुम्ही सांगितलेला शब्द.

चूक धरायची नाही : चुकून परत मागे येऊन स्वतः सुधारलेला शब्द, ऱ्हस्व-दीर्घाचा उच्चार आणि घरचा उच्चार. घरात ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणत असतील आणि मुलाने तसंच वाचलं तर त्याने शब्द बरोबर ओळखला आहे. तिथे टोकलंत तर ते मूल उच्चाराच्या धास्तीने हळू वाचायला लागेल आणि तुमची मोजणी वाया जाईल.

आता हिशेब. शंभरात पाचपर्यंत चुका असतील तर त्या पातळीचं पुस्तक मूल एकटं वाचू शकतं. सहा ते दहा असतील तर तुमच्या सोबतीने. दहाच्या वर गेल्या तर ते पुस्तक सध्या तुम्ही वाचून दाखवायचं. हे आकडे मुळात इंग्रजी वाचनशिक्षणातले आहेत. मराठीत प्रत्यय जोडून शब्द लांबतो, त्यामुळे आपले शंभर शब्द जास्त जड पडतात. म्हणून ‘सात चुका, पण वाचायची खुशी आहे’ असं मूल असेल तर मी त्याला एकट्याने वाचू देईन. पंधरा चुका असतील तर मात्र खुशी असली तरी नाही.

वेग शेवटी बघा. ‘निपुण भारत’ या २०२१ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानात दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या अखेरीस किमान ६० शब्द, तेही अर्थ समजून, असं उद्दिष्ट आहे. रेकॉर्डिंगवरून पहिल्या मिनिटातले शब्द मोजा. तिसरी-चौथीतलं मूल मिनिटाला तीस शब्दांवर असेल तर चुका कमी असल्या तरी पुस्तक आखूड हवं. इतक्या संथ वेगात वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरलेली असते.

> सावधान : मुलासमोर घड्याळ लावू नका. एकदा शर्यत लागली की मूल महिनोन्‌महिने पळतच वाचतं.

टप्पा ४ : समजलं का ते विचारा

देवनागरी जशी लिहिली तशी वाचता येते. हा आपला मोठा फायदा आणि पालकांची मोठी फसगत. एकदा बाराखडी आणि जोडाक्षरं बसली की मूल वर्तमानपत्राचा अग्रलेखसुद्धा खणखणीत वाचून दाखवतं. पाहुण्यांसमोर कौतुक होतं, ‘फटाफट वाचून राहिला बाप्पा!’ अग्रलेखात काय लिहिलंय ते मात्र त्याला विचारायचं नाही. तिसऱ्या टप्प्याचा आकडा कितीही चांगला आला तरी या टप्प्यात मूल नापास झालं तर पुस्तक खालच्या पातळीचंच घ्यायचं.

कागद उलटा ठेवा आणि आधी फक्त ‘काय झालं गोष्टीत?’ एवढं विचारा. मग एखादा ‘का’चा प्रश्न. वरच्या वाक्यापुरतं बोलायचं तर ‘आजीने घंटा का काढली असेल?’ मग पानावरचा एखादा शब्द : ‘पितळी म्हणजे कशी?’ व्याख्या नको, देवघरातली समई दाखवली तरी बरोबर. शेवटी, ‘पुढे काय होईल असं वाटतं?’

गोष्ट सांगता आली आणि उरलेल्या तिन्हींपैकी दोन उत्तरं समाधानकारक असली तर पातळी जमली. हीच डोळ्यांची पातळी, तीही कागदावर लिहून ठेवा. ‘हो-नाही’ची उत्तरं येतील असे प्रश्न विचारू नका. ‘आजीला घंटा सापडली ना?’ याला ‘हो’ म्हणायला गोष्ट वाचावी लागत नाही.

टप्पा ५ : दुकानात आणि वाचनालयात

आता तुमच्या कागदावर दोन नोंदी आहेत : कानाची पातळी आणि डोळ्यांची पातळी. दुकानदाराला इयत्ता सांगू नका. ‘पानावर पाच-सहा ओळी, मोठी अक्षरं, जोडाक्षरं कमी’ असं सांगा. मूल सोबत हवंच.

पुस्तक मधूनच उघडा. पहिलं पान लेखकाने आणि प्रकाशकाने दोघांनीही घासूनपुसून सोपं केलेलं असतं. मधलं पान मुलाला मनात वाचू द्या आणि न कळलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट दुमडायला सांगा. शून्य-एक बोट दुमडलं तर सोपं, दोन-तीन बोटं तर नेमकं, चार बोटं तर तुमच्या सोबतीने आणि पूर्ण मूठ वळली तर सध्या परत ठेवायचं. पानावर वीसच शब्द असतील तर ही युक्ती चालत नाही, अशा पुस्तकाची दोन-तीन पानं मिळून बोटं मोजा.

मूल वाचत असताना तुम्ही हे बघा : वाक्य एका ओळीत संपतं की तीन ओळी खातं, संवाद आहेत की नुसतं वर्णन, चित्र मजकुराला मदत करतं की फक्त शोभेला आहे, ओळींमध्ये मोकळी जागा आहे का. पुस्तकाची जाडी बघू नका.

जाडीवरून होणारी फसगत सगळ्यात जास्त चरित्रांच्या पातळ पुस्तिकांत होते. दसऱ्याला धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीच्या परिसरात पुस्तकांचे स्टॉल लागतात, तिथे लोक पिशव्या भरभरून पुस्तकं घेतात आणि मुलांसाठीही घेतात. घ्यावीतच. पण बत्तीस पानी पुस्तिका आहे म्हणून ती दुसरीच्या मुलाला झेपेल असं नाही. ‘समाजप्रबोधनाच्या कार्यास त्यांनी वाहून घेतले’ असं वाक्य पहिल्याच पानावर दिसलं की ती पुस्तिका कानाच्या यादीत टाका, म्हणजे तुम्ही वाचून आणि समजावून सांगायची.

छापलेल्या पातळ्यांचं म्हणाल तर ‘प्रथम बुक्स’च्या पुस्तकांवर एक ते चार असे स्तर असतात आणि ते उपयोगी आहेत. पहिल्या स्तरात साधारण २५० शब्दांपर्यंत, दुसऱ्यात ६०० पर्यंत, तिसऱ्यात १५०० पर्यंत आणि चौथ्यात त्याहून मोठ्या गोष्टी. त्यांच्याच ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी गोष्टी मोफत वाचता येतात. मुलाचा स्तर तिथे घरीच ताडून बघा, मग त्या स्तराची छापील पुस्तकं घ्या. एक अडचण आहे : बऱ्याच गोष्टी दुसऱ्या भाषेतून आलेल्या असतात आणि स्तर तोच राहिला तरी मराठी वाक्य कधी अवघडून बसतं. दोन पानं स्वतः मोठ्याने वाचा. तुमचीच जीभ अडखळली तर मुलाला दोष देऊ नका. नॅशनल बुक ट्रस्ट आणि पुण्याचं ज्योत्स्ना प्रकाशन यांची मुलांसाठीची चित्रमय पुस्तकंही चाळून बघण्यासारखी आहेत. ‘वय ६ ते १०’ अशा छापील पट्ट्यावर मात्र विसंबू नका. सहा आणि दहाच्या मध्ये अख्खं वाचन शिकून होतं.

तिसरी-चौथीच्या पुढे, सलग पुस्तक अंगावर येणाऱ्या मुलांना मासिक द्या. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतं. गोष्ट, कोडं, विज्ञान असं सगळं आखूड तुकड्यांत मिळतं आणि नको ते पान उलटता येतं.

टप्पा ६ : तीन पुस्तकांचा संच

एका वेळी तीनच पुस्तकं घरात आणा. एक सोपं, जे मूल एकटं झपाट्याने संपवेल. एक नेमकं, दोन-तीन बोटांचं. एक कानाच्या पातळीचं, रात्री तुम्ही वाचून दाखवायचं. मूल वाचायला शिकलं की आपण वाचून दाखवणं बंद करतो, ते करू नका. नवे शब्द कानातूनच येतात आणि पुढे तेच शब्द पानावर भेटले की ओळखीचे वाटतात.

सोप्या पुस्तकाला ‘बाळबोध’ म्हणून नाक मुरडू नका. तेच पुस्तक मूल चौथ्यांदा वाचत असेल तरी चालू द्या, वेग तिथेच येतो.

> आठ दिवसांनी तपासा : नेमक्या पुस्तकातली खूण कुठे आहे? तिसऱ्या पानावरच असेल तर एकदा शेजारी बसून एक पान तुम्ही, एक पान त्याने असं वाचा. तरीही गाडी पुढे जात नसेल तर पुस्तक बदला. अर्धवट सोडण्याची मुभा मुलालाही असावी, आपणही सोडतोच.

टप्पा ७ : पातळी कधी वाढवायची

नेमक्या पातळीची तीन पुस्तकं पूर्ण झाली, त्यांच्या गोष्टी न विचारता मुलाच्या बोलण्यात यायला लागल्या आणि बोटं दुमडणं थांबलं, की वर सरका. वाढवताना एकच गोष्ट वाढवा. लांबी वाढवली तर विषय ओळखीचा ठेवा. माहितीपर पुस्तकावर नेलं तर लांबी कमी ठेवा. क्रिकेटवेड्या मुलाला क्रिकेटचं पुस्तक एक पायरी वरचंही पेलतं, कारण ‘यष्टिरक्षक’ छापलेलं असलं तरी त्याच्या डोक्यात विकेटकीपर उभा असतो.

शंभर शब्दांची चाचणी वर्षातून तीनदा पुरे : जूनअखेर विदर्भातल्या शाळा उघडतात तेव्हा, दिवाळीच्या सुटीत आणि परीक्षा आटोपल्यावर. दर महिन्याला घेतली तर मूल कागद बघूनच पळेल. मराठीची पातळी मराठीतच मोजा. इंग्रजी पुस्तकांवरचे लेक्साइलसारखे वाचनपातळीचे आकडे मराठी पुस्तक निवडायला कामाचे नाहीत.

पुस्तकं बदलूनही काहीच हलत नसेल तर

मूल पुस्तक नाकाशी धरतं, ओळ सोडून खालच्या ओळीवर जातं, वाचताना डोकं दुखतं म्हणतं, तर आधी डोळे तपासा. नागपुरात मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या नेत्रविभागात दाखवता येतं. डोळे ठीक असूनही तिसरीनंतर दुसऱ्या टप्प्यातल्या पहिल्या तीन ओळी डळमळीत असतील, अक्षरांची अदलाबदल होत असेल, तोंडी हुशार मूल कागदावर गप्प होत असेल, तर शाळेतल्या समुपदेशकांशी बोला आणि अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. जाताना झेरॉक्सवरच्या खुणा आणि रेकॉर्डिंग सोबत न्या. ‘वाचत नाही हो’ यापेक्षा मूल कुठल्या अक्षराला, कितव्या शब्दाला आणि कसं अडतं हे ऐकायला मिळालं तर समोरच्याचं निम्मं काम तिथेच होतं.